नव्वद मिनिटांची समता

'खेळात राजकारण आणू नका' हे वाक्य मी गेली चाळीस वर्षे ऐकत आलो आहे. १८ डिसेंबर २०२२ च्या रात्री ते पुन्हा ऐकले. मालवणच्या किनाऱ्यावरील एका चहाच्या दुकानात आम्ही पंधरावीस जण कतारमधला अंतिम सामना पाहत होतो. अर्जेंटिना आणि फ्रान्स तीन-तीन गोलांवर अडकले होते. पेनल्टी सुरू होण्यापूर्वीच्या उसंतीत मी एवढेच म्हणालो, की ही मैदाने बांधणाऱ्यांत भारत, नेपाळ, बांगलादेशातून गेलेले मजूर होते. त्यांतल्या अनेकांचे पासपोर्ट मालकाच्या कपाटात असत आणि किती जण मेले याचा नीट हिशेब कोणी दिलेला नाही. शेजारी बसलेल्या तरुणाचा थोरला भाऊ स्वतः आखातात कामाला आहे. तोच वैतागून म्हणाला, 'गुरुजी, तुमी खेळात राजकारण कित्याक हाडतास?'

मला त्याचा राग आला नाही. त्याला दोन घटका सुखाने सामना पाहायचा होता आणि तो त्याचा हक्क होता. परंतु त्या वाक्याचा उगम कोठे आहे, ते कोणाच्या सोयीचे आहे, याचा विचार आपल्या चळवळीत फारसा झालेला नाही. कविता, नाटक, आत्मकथन यांवर आपण भरपूर लिहिले. खेळ मात्र आपण मुलांचा पोरखेळ म्हणून सोडून दिला. मी खेळाचा अभ्यासक नाही. फुटबॉलचा वेडा प्रेक्षक आणि निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे. त्या दोन अनुभवांच्या आधारे कार्यकर्त्या, विद्यार्थी आणि शिक्षक मित्रांपुढे काही मते मांडतो.

खेळ आणि स्पर्श

फुटबॉलचे एकसूत्री नियम १८६३ साली लंडनमध्ये लिहिले गेले. ते आजही शेंबड्या पोराला पाच मिनिटांत समजतात. एक चेंडू, गोलखांब म्हणून चार दगड आणि धावायला जागा, एवढ्यावर खेळ उभा राहतो. आमच्या लहानपणी ही जागा समुद्र द्यायचा. सुकती लागली की पुळण रुंद व्हायची आणि ओल्या, कठीण वाळूवर तास-दोन तासांचे मैदान तयार व्हायचे. भरतीच्या पाण्यात ते नाहीसे व्हायचे. सात-बारा नसलेले ते एकच मैदान आम्हाला ठाऊक होते.

या खेळाचा दुसरा विशेष म्हणजे तो अंगाला अंग लावल्याशिवाय खेळता येत नाही. क्रिकेटमध्ये गोलंदाज आणि फलंदाज यांच्यात बावीस यार्डांचे अंतर असते. तेथे अस्पृश्य माणूस संघात घेऊनही अंतर राखता येते. इतिहासात ते राखले गेले आहे. बाळू पालवणकर हा चांभार समाजातला डावखुरा गोलंदाज. त्याने १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. परंतु पुण्यात खेळताना चहाच्या वेळी सोबत्यांना मंडपात चिनी मातीच्या कपातून चहा मिळे आणि बाळूला मंडपाबाहेर, फेकून देण्याच्या मडक्यातून. त्याच्या हातून सुटलेला चेंडू सर्वांना चालत होता. हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद बाळूला कधीच मिळाले नाही. ते मिळाले त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला, १९२३ साली, तेही पुष्कळ वादानंतर. आणि ज्याला खेळ व राजकारण या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात त्याने १९३७ ची मुंबईची निवडणूक आठवावी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विरोधात काँग्रेसने याच बाळूला उभे केले. बाबासाहेब निवडून आले, परंतु लढत चुरशीची झाली. ज्याला मंडपात घेतले नाही त्याची कीर्ती मतपेटीजवळ मात्र उपयोगी पडली.

फुटबॉलमध्ये असे अंतर राखता येणार नाही, अशी माझी तरुणपणी समजूत होती. येथे खांद्याला खांदा लागतो, पाय पायात अडकतो, पडलेल्याला हात देऊन उठवावे लागते. मग अस्पृश्यता टिकेल कशी? या समजुतीला तडा गेला तोही पुळणीवरच. १९७४-७५ चा सुमार असेल. आमच्या बौद्धवाडीची चार मुले आणि वरच्या वाडीची सहा-सात मुले मिळून खेळायचो. भरती आली, खेळ थांबला, सगळ्यांना तहान लागली. जवळच्या एका माडाच्या बागेत विहीर होती. बाकीच्यांनी कळशीने पाणी काढून प्यायले. आम्ही चौघे बाजूला उभे राहिलो आणि आमच्या ओंजळीत वरून पाणी ओतले गेले. ओतणारा मुलगा अर्ध्या घटकेपूर्वी माझ्या छाताडावर पडला होता. त्याचा घाम माझ्या अंगावर अजून ओला होता. त्याला आपण काही वेगळे करतो आहोत असे वाटलेच नाही. मलाही त्या वेळी वाटले नाही, आणि त्याची लाज आज वाटते.

तेव्हा खेळातली समता खरी असते, पण ती नव्वद मिनिटांची असते. पंचाची शिटी वाजली की ज्याने त्याने आपापल्या वाडीला जायचे असते. खेळ आपोआप जात मोडतो असे सांगणारे भाबडे तरी असतात किंवा लबाड तरी.

वाडी म्हणजे संघ

कोकणातले गाव देशावरच्या गावासारखे एकगठ्ठा नसते. ते वाड्यांत विखुरलेले असते आणि बहुतेक वाडी म्हणजे एक जात किंवा एक भावकी असते. भाताची कापणी झाली की मळे मोकळे होतात. मे महिन्यात मुंबईकर गावी येतात आणि स्पर्धा सुरू होतात. बहुतेक टेनिसच्या चेंडूवरच्या क्रिकेटच्या, क्वचित फुटबॉलच्या. संघ कसे ठरतात? वाडीवार. म्हणजे संघ निवडण्यापूर्वीच तो जन्माने निवडला गेलेला असतो. काही स्पर्धा तर उघडपणे 'समाजमर्यादित' असतात आणि तसे फलक रस्त्यावर लागतात. फलक लावणाऱ्यांना त्यात वावगे वाटत नाही, वाचणाऱ्यांनाही वाटत नाही.

हे समाज आपल्या मुलांना एकत्र आणतात, त्यांना बक्षिसे देतात, हे मी नाकारीत नाही. आपल्यातही अशा स्पर्धा होतात. १४ एप्रिलच्या निमित्ताने आपली मुले मैदानात उतरतात तेव्हा मलाही आनंद होतो. परंतु ज्या मुलाला वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत दुसऱ्या जातीच्या मुलाला चेंडू द्यावाच लागला नाही, त्याला पंचविसाव्या वर्षी जातिअंताचे व्याख्यान देऊन काय होणार?

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी एका गावच्या स्पर्धेत आमच्या वाडीतली मुले संघ घेऊन गेली. बाकीचे तरुण मुंबईला, गोव्याला कामाला असल्याने खेळणारे सातच उरले होते. शेजारच्या वाडीत पंधरा जण होते आणि त्यांतले चार बाहेर बसणार होते. आम्ही सुचवले की ते चार आमच्याकडून खेळू देत. आयोजक म्हणाले, नियमात बसत नाही. संघ वाडीचाच हवा. त्या चौघांपैकी दोघे यायला तयार होते. त्यांच्या घरची माणसे तयार नव्हती. सामना झालाच नाही. समोरच्या संघाला पुढे चाल मिळाली. कोणी शिवी दिली नाही, कोणी हात उगारला नाही. ज्याची फिर्याद कोठे नोंदवता येईल असे काहीच घडले नाही. आजची जात पुष्कळदा अशीच, नियमाच्या भाषेत बोलते.

चेंडू कोणी शिवला?

आमचा पहिला चेंडू कातड्याचा होता. गोव्याकडच्या एका बोटीवरच्या माणसाने आपल्या भाच्यासाठी आणलेला. आत रबरी ब्लॅडर, वर वादीने आवळलेले तोंड. खारे पाणी पिऊन तो दगडासारखा जड होई आणि त्याची शिवण उसवे. मग आम्ही तो बाजारातल्या चांभारकाकांकडे नेत असू. ते आरीने भोके मोकळी करून, मेण लावलेल्या दोऱ्याने तो असा शिवत की हंगामभर पाहावे लागत नसे. तो चेंडू कोणाच्याही खळ्यात जाई. तुळशीवृंदावनापर्यंत घरंगळत जाई आणि घरातली बाई तो हाताने उचलून परत फेकी. ज्या हातांनी तो शिवला ते हात मात्र त्या खळ्याच्या पायरीशी थांबत. आणि येथे आपलेही काही सांगितले पाहिजे. आमच्या वाडीत आणि चांभारकाकांच्या घरात तरी रोटीव्यवहार कोठे होता? बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले तिच्यात आम्हीही एका पायरीवर उभे होतो आणि खालची पायरी शोधत होतो.

ही गोष्ट एका बाजारपेठेपुरती नाही. फाळणीपूर्वी सियालकोट हे खेळाच्या सामानाचे मोठे केंद्र होते. १९४७ नंतर तेथून आलेल्या व्यापाऱ्यांनी आणि कारागिरांनी जालंधरात हा धंदा पुन्हा उभा केला. त्यात सियालकोटहून विस्थापित झालेले मेघ समाजाचे लोक मोठ्या संख्येने होते; पंजाबात हा समाज अनुसूचित जातींत मोडतो आणि जालंधरचा भार्गव कॅम्प ही त्यांची वसाहत. बत्तीस तुकड्यांचा चेंडू, वीस षट्कोनी आणि बारा पंचकोनी, घरात बसून हाताने शिवायचा आणि नगावर मजुरी घ्यायची. या कामाला बायका लागल्या, मुले लागली. नव्वदच्या दशकात जगभर ओरड झाली आणि १९९७ साली सियालकोटमधील बालमजुरी थांबवण्यासाठी अटलांटा येथे करार झाला. विश्वचषकाचा चेंडू १९८६ पासून पूर्णपणे कृत्रिम द्रव्याचा झाला आणि २००६ पासून त्याची हातशिवणही गेली. कातडे गेले म्हणून विटाळ गेला, असे मात्र झाले नाही.

दुसरीकडे काय घडले

ब्राझीलचे नाव निघाले की आपल्याकडे पेले आठवतो. ब्राझीलमध्ये काळ्या माणसाला मैदानात शिरण्यासाठी काय करावे लागले ते कमी लोकांना ठाऊक आहे. १९२३ साली रिओ शहराचे अजिंक्यपद वास्को द गामा या क्लबने जिंकले. त्यांच्या संघात काळे, मिश्रवर्णी आणि मजूर खेळाडू होते. शहरातल्या धनिकांच्या क्लबांना हे सोसेना. त्यांनी १९२४ साली वेगळी संघटना काढली आणि वास्कोला अट घातली, की बारा खेळाडू वगळा. कारणे दिली ती त्यांच्या व्यवसायाची आणि शिक्षणाची. रंगाचा उल्लेख नव्हता. वास्कोने पत्र लिहून कळवले की खेळाडू वगळणार नाही, तुमच्या संघटनेत आम्ही येत नाही. ते पत्र आजही तेथे अभिमानाने सांगितले जाते. ब्राझीलच्या मैदानाला रंग आला तो चेंडूच्या गुणामुळे आला नाही, तर काही माणसांनी एका कागदावर सही करण्याचे नाकारले म्हणून आला.

झगडा तेथेही संपलेला नाही. २०२३ च्या मे महिन्यात स्पेनमधील व्हॅलेन्सियाच्या मैदानावर विनिसियस ज्युनियर या ब्राझिली खेळाडूला माकड म्हणून हिणवले गेले. परंतु पुढच्या वर्षी, जून २०२४ मध्ये, तीन प्रेक्षकांना न्यायालयाने आठ महिन्यांच्या कैदेची शिक्षा सुनावली. आता आपल्याकडे पाहा. ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत भारताचा महिला हॉकी संघ हरला. त्यानंतर वंदना कटारिया हिच्या हरिद्वारजवळच्या घरासमोर फटाके उडवले गेले आणि संघात दलित मुली फार झाल्या म्हणून हरलो, अशी जातिवाचक शेरेबाजी झाली, अशी फिर्याद तिच्या घरच्यांनी दिली. याच मुलीने त्याच स्पर्धेत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले होते. जिंकले तर देशाची मुलगी, हरले तर जातीची.

जागतिक फुटबॉल संघटनेच्या घटनेत भेदभावाला मनाई आहे. तेथे वंश आणि वर्ण यांच्याबरोबर 'जन्म' आणि 'सामाजिक मूळ' हे शब्द आहेत. 'जात' हा शब्द नाही. आपल्या देशात १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे आणि लोकांच्या नजरेसमोर जातीवरून केलेला अपमान हा त्याखाली गुन्हा आहे. मैदान हे लोकांच्या नजरेसमोरचेच ठिकाण होय. तरी मैदानातली जातिवाचक शिवी 'खेळात असे चालायचेच' म्हणून सोडून दिली जाते. कार्यकर्त्यांनी याकडे लक्ष दिले पाहिजे.

महाराष्ट्रातही दोन उदाहरणे डोळ्यांपुढे आहेत. घाट चढून गेले की कोल्हापूर. तेथला फुटबॉल पेठांच्या आणि तालमींच्या जोरावर उभा आहे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ यांचे सामने शाहू स्टेडियमवर होतात तेव्हा कोल्हापूर दोन तट करून उभे राहते. मी तो खेळ पाहिला आहे आणि त्या वेडाला माझा सलाम आहे. पण पेठेचा अभिमान केव्हा दगड हाती घेतो ते सांगता येत नाही. दुसरे उदाहरण नागपूरचे. तेथे विजय बारसे या क्रीडाशिक्षकाने पावसात मोडक्या बादलीशी फुटबॉल खेळणारी झोपडपट्टीतली मुले पाहिली आणि त्यांच्यासाठी स्पर्धा सुरू केली. त्यावरून नागराज मंजुळे यांचा 'झुंड' हा चित्रपट २०२२ साली आला. त्यात कॉलेजचे मैदान आणि वस्ती यांच्यामध्ये एक भिंत आहे. मला चित्रपटातल्या गोलांपेक्षा ती भिंत अधिक लक्षात राहिली.

खुर्ची कोणाची?

आता ज्याला सर्वजण राजकारण म्हणतात त्याकडे येऊ. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्षपद २००९ पासून प्रफुल्ल पटेल यांच्याकडे होते. मुदत संपूनही निवडणूक झाली नाही, म्हणून मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कार्यकारिणी दूर करून प्रशासक नेमले. मग बाहेरचा हस्तक्षेप झाला असे म्हणून जागतिक संघटनेने १५ ऑगस्टला भारताला निलंबित केले आणि २६ ऑगस्टला निलंबन उठवले. २ सप्टेंबरला निवडणूक झाली. एका बाजूला बायचुंग भुतिया, ज्याने देशाचे कर्णधारपद वर्षानुवर्षे भूषवले. दुसऱ्या बाजूला कल्याण चौबे, पूर्वीचे गोलरक्षक आणि भाजपचे नेते. मते पडली तेहतीस विरुद्ध एक. हे राजकारण कोणी 'आणले'? ते तेथेच बसलेले होते. देशातली वरची स्पर्धा ज्या व्यापारी करारावर चालत होती तो डिसेंबर २०२५ मध्ये संपायचा होता. नवा करार वेळेवर झाला नाही आणि हंगाम लांबला. खेळाडूंचे पगार अडले. महासंघाच्या दारात खेळाडूलाच मत नसेल तर दुसरे काय होणार?

आणखी एक गोष्ट. ऑक्टोबर २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक आपल्या देशात झाला. काही सामने आमच्या शेजारी मडगावला झाले. भारताची कर्णधार अष्टम उराँव ही झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली आदिवासी मुलगी. तिच्या सन्मानार्थ सरकारने तिच्या गावात रस्ता बांधायला घेतला. त्या रस्त्यावर तिचे आईवडील रोजंदारीने खडी टाकत होते. या एका प्रसंगात आपली सगळी समाजव्यवस्था उभी आहे.

आमच्या किनाऱ्यावरही खुर्ची आहेच. निवडणूक जवळ आली की गावोगाव चषक जाहीर होतात. बक्षिसाची रक्कम मोठी, मुलांच्या अंगातल्या शर्टावर पुढाऱ्याचा फोटो, ध्वनिक्षेपकावर त्याचे नाव. आता तर गावच्या स्पर्धेतही खेळाडूंचा लिलाव पुकारला जातो. चार दिवसांनी मंडप उठतो आणि मैदान होते तसेच राहते. मैदान मागायला गेलेल्या मुलांना शर्ट देऊन परत पाठवण्याची ही रीत आहे. पुळणसुद्धा पूर्वीची राहिलेली नाही. कोठे समुद्राने वाळू नेली आणि दगडी बंधारे आले, कोठे पर्यटकांच्या खुर्च्या आणि होड्या आल्या. सात-बारा नसलेले आमचे मैदानही आता कोणाचे तरी झाले आहे.

चिठ्ठ्या

शेवटी एक स्वतःचा प्रयोग सांगतो. २०१७ साली महाराष्ट्र सरकारने शाळाशाळांतून फुटबॉल खेळवण्याची मोहीम काढली. त्या निमित्ताने आमच्या शाळेत चेंडू आला. मुले लगेच वाडीवार उभी राहिली. कोणी शिकवले नव्हते. त्यांना दुसरी रीत माहीतच नव्हती. मी सगळ्यांची नावे चिठ्ठ्यांवर लिहून खडूच्या डब्यात टाकली. पहिल्या अकरा चिठ्ठ्यांचा एक संघ, पुढच्या अकरांचा दुसरा. कर्णधारही चिठ्ठीनेच. पहिल्याच दिवशी एका संघाची कर्णधार बौद्धवाडीतली सातवीची मुलगी झाली.

दुसऱ्या दिवशी एक पालक आले. त्यांनी जातीचा उच्चार केला नाही, मुलीचाही नाही. एवढेच म्हणाले, 'गुरुजी, पोरांच्या खेळात राजकारण नको.' मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले आणि विचारले, 'वाडीवार संघ होते तेव्हा त्यात काय होते?' ते काही बोलले नाहीत. त्यांचा मुलगा आणि आणखी एक मुलगा आठवडाभर खेळायला आले नाहीत. पुढे त्यांचा मुलगा आला. दुसरा शाळा सोडेपर्यंत आला नाही. प्रयोग यशस्वी झाला असे मी म्हणणार नाही. त्या मुलांनी शाळेबाहेर पुन्हा वाडीचेच संघ केले असतील. पण आठवड्यातून तीन दिवस त्यांना कोणाला चेंडू द्यायचा हे जन्माने ठरत नव्हते. आणि खेळ संपल्यावर पाण्याचा पिंप एकच होता, पेला एकच होता. तो मी मुद्दाम मैदानाच्या कडेला, सर्वांच्या नजरेसमोर ठेवला होता. चवदार तळ्याचा धडा वर्गात वाचून होत नाही.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. नव्वद मिनिटांत काय होते हे चेंडू ठरवतो. त्याच्या आधी आणि नंतर काय होते हे माणसे ठरवतात. संघ कसा निवडायचा, मैदान कोणाच्या नावावर, संघटनेत मत कोणाला, पाणी कोणत्या पेल्यातून, हे ठरवणे म्हणजेच राजकारण. ते आपण केले नाही तरी दुसरे करतातच. शिक्षकाला त्यासाठी फार काही लागत नाही. खडूचा एक डबा पुरतो. निवृत्त होण्याच्या आदल्या दिवशी मी तो डबा कपाटात ठेवत होतो, तेव्हा पाचवीतला एक मुलगा दारात येऊन म्हणाला, 'गुरुजी, उद्या परत चिठयो काढूया?' उद्या मी नसणार होतो. मी डबा त्याच्या हातात दिला.